सर्ट्रालिन: गरोदरपण आणि बाळंतपण धरून वीस महिने

ज्यांना फक्त निकाल हवाय त्यांच्यासाठी आधीच सांगते: सर्ट्रालिन या नैराश्यावरच्या गोळीने काम केलं. मुलगा अकरा महिन्यांचा आहे, आत्ता जमिनीवर सांडलेला पोळीचा तुकडा शोधून खातोय आणि मी शांतपणे हे लिहितेय. घोळ झाला तो ती कधी थांबवायची, किती घ्यायची आणि कुणाला विचारायचं यात. त्यातला अर्धा घोळ माझा स्वतःचा.

आणि माझा डोस म्हणजे माझ्या चष्म्याचा नंबर. तो तुमच्या डोळ्यांना लावून बघू नका.

मागचं थोडक्यात. लग्नानंतर दोन वर्षांनी नैराश्याचा पहिला मोठा झटका आला होता. तेव्हा ५० मिलीग्रॅम सर्ट्रालिन सुरू झालं. पहिले दहा दिवस मळमळ, पोट ढिलं आणि रात्री टक्क जाग. चौथ्या आठवड्याच्या आसपास एके सकाळी लक्षात आलं की आपण चहा करताना गुणगुणतोय. बस्स, एवढंच. वर्षभर बरी होते, गोळी चालू होती, आणि मूल हवं असं ठरलं तेव्हा ‘गोळीचं काय’ हा प्रश्न मी डॉक्टरांना विचारलाच नाही. इथे पहिली चूक. हा प्रश्न दिवस राहायच्या आधी विचारायचा असतो.

घरच्या टेस्टवर दोन रेघा आल्या तेव्हा सहावा आठवडा होता. त्याच संध्याकाळी मी गोळी बंद केली, एकदम, ५० वरून शून्य. दोन दिवसांनी पहिल्या तपासणीला गेले. तिथल्या डॉक्टर कागदावरून नजर न उचलता म्हणाल्या, “डोक्याची गोळी ना? बंदच ठेवा.” मला काय बरं वाटलं! जणू शाबासकी मिळाली. चौथ्या दिवसापासून मान वळवली की डोक्यात बारीक करंट बसायचा, जिना उतरताना पायऱ्या हलायच्या, उगाच चिडचिड. मळमळ गरोदरपणाची की गोळी सुटल्याची, हे कळायला मार्ग नव्हता. घरात सगळे म्हणाले, पहिले तीन महिने असंच असतं.

दहाव्या आठवड्यात एका संध्याकाळी मी वनाजला मेट्रोच्या फलाटावर बसले आणि तीन गाड्या सोडल्या. गर्दी नव्हती. उठायचं कारण सापडत नव्हतं. घरी आल्यावर नवऱ्याने काही न विचारता जुन्या मानसोपचारतज्ज्ञांना फोन लावला.

मॅडमनी (आम्ही घरीही त्यांना मॅडमच म्हणतो) ओरडा दिला नाही, त्याचंच जास्त रडू आलं. त्या म्हणाल्या, तुम्ही तराजूच्या एकाच पारड्यात बघितलंत. दुसऱ्या पारड्यात आजार आहे. तुम्ही जेवत नाही, झोपत नाही, वजन वाढत नाही, हेही बाळापर्यंत पोचतं. उपचार न केलेल्या नैराश्यात वेळेआधी प्रसूती आणि कमी वजनाचं बाळ यांचा धोका वाढलेला दिसतो. मग चिठ्ठीच्या मागे त्यांनी दोन आकडे लिहिले. २००६ साली अमेरिकेत प्रसिद्ध झालेला, २०१ गरोदर बायकांचा अभ्यास: गोळी थांबवलेल्यांपैकी ६८ टक्के जणींचा आजार उलटला, चालू ठेवलेल्यांपैकी २६ टक्के. मी म्हटलं, म्हणजे गोळी घेऊनही चारातल्या एकीला होतंच की. त्या म्हणाल्या, हो, होतं. शिवाय त्या बायकांचा आजार जुना होता, मोठ्या केंद्रांत उपचार चालू होते, त्यामुळे हलक्या नैराश्याला हे आकडे जसेच्या तसे लावू नका. हलकं असेल तर कित्येकदा नुसत्या समुपदेशनावरही भागतं. तुमचं हलकं नव्हतं.

मला त्यांचा हा सरळपणा आवडतो. ‘काही होत नाही हो’ म्हणणाऱ्या डॉक्टरवर माझा विश्वास बसत नाही.

२५ ने परत सुरुवात, आठवड्याने ५०. दुसरं एखादं ‘जास्त सुरक्षित’ औषध द्या असा मी हट्ट धरला होता. तो त्यांनी मोडून काढला: जे लागू पडलंय तेच चालू ठेवायचं, नाहीतर बाळाची एकाऐवजी दोन औषधांशी गाठ पडते आणि नवीन लागू पडेल याची खात्री नाही. माझी एक मैत्रीण एस्सिटॅलोप्राम या नैराश्याच्या दुसऱ्या गोळीवर होती, तिला तेच चालू ठेवलं. याच जातीतलं पॅरॉक्सेटिन मात्र पहिल्या तिमाहीत शक्यतो टाळतात, बाळाच्या हृदयातल्या दोषांशी त्याचा संबंध दाखवणारे अभ्यास आहेत म्हणून. आणि व्हॅल्प्रोएट नावाचं फिट्सचं आणि मूडचं औषध चालू असेल तर दिवस राहायच्या आधीच डॉक्टर गाठा. ते गर्भाला खरोखर घातक आहे, पण तेही मनाने एकदम तोडायचं नाही. ‘डोक्याच्या गोळ्या’ म्हणून सगळ्यांना एकाच पोत्यात भरतात, ते इथे नडतं.

पाचवा, सहावा महिना छान गेला. सातव्यात डोहाळजेवण झालं. हिरवी साडी, फुलांचे दागिने, बर्फी की पेढा. फोटोत मी हसतेय. त्या रात्री मी नवऱ्याला म्हटलं, मला यातलं काहीही आत पोचलं नाही, काचेपलीकडून बघितल्यासारखं वाटलं. गोळी एक दिवसही चुकवलेली नव्हती. मला वाटलं, औषध संपलं, आता उपाय नाही.

कारण भलतंच साधं निघालं. गरोदरपणात अंगातलं रक्ताचं प्रमाण ४० ते ५० टक्क्यांनी वाढतं आणि यकृतातली काही एन्झाइमं जास्त जोरात कामाला लागतात. त्यामुळे काही बायकांत शेवटच्या तिमाहीत तोच डोस रक्तात कमी भरतो. मॅडम म्हणाल्या, आमटीत पाणी वाढलं, मीठ तेवढंच राहिलं. डोस ७५ झाला. मला डोस वाढणं म्हणजे नापास होणं वाटत होतं. सासूबाईंनी, ज्यांना मी सगळ्यात शेवटी सांगितलं होतं, एका वाक्यात निकाल लावला: “अगं, मला सातव्यात थायरॉइडची गोळी वाढवली होती, तेव्हा कोणी हळहळलं नव्हतं.”

बाळाला त्रास नको म्हणून शेवटच्या महिन्यात गोळी कमी करावी का, हेही विचारलं. उत्तर नाही असं आलं. बाळाला त्याचा फायदा होतो असा भक्कम पुरावा नाही, आणि आईच्या दृष्टीने सगळ्यात नाजूक दिवस सुरू होतात तेव्हाच छत्री मिटल्यासारखं होतं.

प्रसूतीच्या आधी मॅडमनी एक पानभर पत्र दिलं, स्त्रीरोगतज्ज्ञ, भूलतज्ज्ञ आणि बालरोगतज्ज्ञ तिघांसाठी. (पहिल्या डॉक्टर मी चौथ्या महिन्यात बदलल्या होत्या.) हे पत्र मागून घ्याच. माझं सिझेरियन झालं. या गोळ्यांनी रक्तस्राव किंचित वाढू शकतो, ते आधी माहीत असलं की तयारी ठेवतात. दुखण्यावर सर्रास दिलं जाणारं ट्रॅमाडॉल सर्ट्रालिनबरोबर नीट जमत नाही, ते पत्र वाचून भूलतज्ज्ञांनी दुसरं काही दिलं. पत्र नसतं तर त्या गडबडीत मला कुठलं सुचायला!

बाळाला दोन दिवस जास्त लक्ष ठेवून पाहिलं. शेवटच्या महिन्यात अशा गोळ्या घेतलेल्या आयांच्या साधारण तीस टक्के बाळांना पहिले काही दिवस थरथर, किरकिर, दूध ओढायला त्रास होतो, आणि तो बहुधा आपोआप जातो. आमचा पठ्ठ्या पहिला दीड दिवस झोपेत दचकायचा, हात थरथरायचे. तिसऱ्या दिवशी थांबलं. फुप्फुसाच्या रक्तदाबाची एक गंभीर तक्रारही आहे, तिचा धोका हजारात दोनाचा तीन होतो. ‘धोका दीडपट’ असं वाचलं होतं तेव्हा पोटात गोळा आला होता. हजारात दोन आणि तीन हे लिहून बघितल्यावर श्वास घेता आला.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून मला रडू यायला लागलं. आई म्हणाली, पान्हा फुटताना येतंच. खरं आहे, पण ते दोन आठवड्यांत ओसरतं. माझं ओसरलं नाही. सव्वा महिना माहेरी, सदाशिव पेठेतल्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत चौथ्या मजल्यावर. शेक-शेगडी, डिंकाचे लाडू, अळिवाची खीर, मालिशवाल्या मावशी. सगळं अंगाचं चाललं होतं. पहिल्यांदा बोलल्या त्या मावशीच. बाळाला पायावर घेऊन न्हाऊ घालताना म्हणाल्या, “ताई, बाळाकडं बघा की जरा. तुम्ही सारख्या त्या गॅलरीच्या दाराकडं बघताय.”

बघतच होते. आता लिहायला सगळ्यात अवघड भाग. मला दिवसातून वीसदा डोळ्यांसमोर दिसायचं की आपल्या हातून बाळ त्या गॅलरीतून खाली पडलं. मी दाराला आतून कडी घालून वर खुर्ची लावून ठेवायचे. कुणाला सांगितलं तर बाळ काढून घेतील असं वाटायचं. एका रात्री अडीच वाजता मी १४४१४ लावला, चुकीचा लागला, मग नीट १४४१६. ही टेलि-मानसची सरकारी सेवा, २०२२ पासून आहे, चोवीस तास, मराठीतही बोलतात. पलीकडच्या बाईंनी पहिलं विचारलं: हे विचार आले की तुम्हाला भीती वाटते, की ते बरोबर वाटतात? मी म्हटलं, भीती वाटते, म्हणून तर दार लावते. बाळ आत्ता कुणाजवळ आहे, घरात कोण आहे, तुमच्या स्वतःच्या जिवाचं काही मनात येतं का, हेही विचारलं. आईला उठवायला लावलं आणि सकाळीच डॉक्टरांकडे जा म्हणाल्या.

मॅडमनी तोच फरक नीट सांगितला. नको असलेले, घाबरवणारे असे विचार बाळंतपणात पुष्कळ बायकांना येतात, आणि त्या बायका बाळाला जास्तच जपतात. पण झोपेची गरजच वाटेनाशी झाली, कुणीतरी आज्ञा देतंय असं ऐकू आलं, बाळाबद्दल भलतीच पक्की समजूत झाली, तर तो वेगळा आजार आहे. हजारात एक-दोघींना होतो, आणि तेव्हा अपॉइंटमेंटची वाट न बघता त्याच दिवशी हॉस्पिटल. डोस वाढवायच्या आधी त्यांनी घरात कुणाला कधी उन्मादाचा, म्हणजे मूड अति चढण्याचा, त्रास होता का, हेही खोदून विचारलं, कारण तसं असेल तर नुसती नैराश्याची गोळी वाढवणं उलटू शकतं.

मग बाळंतपणातलं नैराश्य तपासणारी एडिंबरा प्रश्नावली: दहा प्रश्न, तीसपैकी गुण, जितके जास्त तितकं वाईट. मला १७ पडले. शिवाय रक्ततपासण्या: हिमोग्लोबिन, थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२. हिमोग्लोबिन ९ च्या खाली होतं. लोहाची इंजेक्शनं सुरू झाली, सर्ट्रालिन १००, रात्री बारा ते पाच बाळ नवरा आणि आईकडे. त्या पाच तासांचं श्रेय गोळीच्या बरोबरीने द्यायला हवं. सोबत दर आठवड्याला समुपदेशन.

गॅलरीचं चित्र एकदम गेलं नाही. वीसदा दिसायचं ते पाचदा, मग आठवड्यात एकदा. अडीच महिन्यांनी खुर्ची परत जेवणाच्या टेबलाशी आली.

दुधाबद्दल सगळे विचारतात. सर्ट्रालिन दुधात फार थोडं उतरतं, म्हणून अंगावर पाजणाऱ्या आईला ते नेहमी पहिल्या पसंतीचं असतं. मी घड्याळ लावून पाजलं नाही, दूध काढून फेकलं नाही. बालरोगतज्ज्ञ दर वेळी वजन आणि झोप बघायचे, दोन्ही ठीक. रात्री वरचं दूध दिलं, त्यावर मात्र नातेवाइकांत परिसंवाद झाला.

बाकीचं भराभर. घाम येतो, विशेषतः रात्री. शरीरसंबंधाची इच्छा कमी होते, हे डॉक्टर आपणहून विचारत नाहीत, आपणच सांगायचं. रिकाम्या पोटी मळमळतं, नाश्त्यानंतर घेतली की नाही. महाग नाही, जनऔषधी केंद्रात आणखी स्वस्त पडते. जुन्या चिठ्ठीवर केमिस्ट देत नाही, त्यावरून मी एकदा भांडलेही, पण तो बरोबर होता. कालनिर्णयच्या त्या-त्या तारखेवर झोपेचे तास आणि दहापैकी मूड लिहिते, डॉक्टरांसमोर ‘बरं आहे’ याच्या पलीकडे काही सुचत नाही म्हणून.

मागच्या महिन्यात मी डोस उतरवायचा विषय काढला. दुसरा झटका असल्यामुळे पूर्ण बरं वाटायला लागल्यापासून वर्षभर तरी हलवायचं नाही, आणि ऑफिस सुरू होण्याच्या महिन्यात तर नाहीच, असं ठरलं. नंतर १०० वरून ७५, काही आठवडे थांबून ५०. पुढच्या भेटीसाठी कालनिर्णयच्या मागच्या पानावर तीन प्रश्न लिहून ठेवलेत. घाम. दात काढायला जायचंय, वेदनाशामक कोणतं. आणि तिसरा नवऱ्याच्या अक्षरात आहे, दुसऱ्या बाळाचा विचार करायचा झाला तर किती आधी सांगायचं. त्यापुढे मी पेन्सिलीने मोठं प्रश्नचिन्ह काढलंय.