नऊ दिवसांचा ट्रेक, तीन दिवसांचा शिधा

परांग ला ही हिमालयातली खिंड आम्ही पाहिलेली नाही. हे आधीच सांगते, म्हणजे खिंडीचे फोटो असतील म्हणून कोणी शेवटपर्यंत वाचायला नको. आम्ही पाहिलं ते त्या वाटेवरचं थलटकचं पठार, तिथली एक रात्र आणि स्पितीतल्या काझ्याच्या सरकारी दवाखान्यातली हिरवी चादर. या तीन गोष्टींचे आम्ही चौघांनी मिळून 1,14,400 रुपये मोजले.

मी नाशिकला एका सीएच्या ऑफिसात पंधरा वर्षं काम करते. दिवसभर लोकांची बिलं तपासते. हेही आधीच सांगून टाकते, कारण यातली सगळ्यात जास्त लाज त्याचीच आहे.

स्पितीतल्या किब्बर गावातून निघायचं, साधारण 5,580 मीटरवरची परांग ला ओलांडायची आणि पारे छू नदीच्या काठाकाठाने लडाखमध्ये त्सो मोरिरी तलावाला उतरायचं, असा हा जुना व्यापारी रस्ता. मला वेड लागलं ते त्या नदीचं. हिमाचलात उगम पावते, तिबेटात जाते आणि वळसा घालून पुन्हा स्पितीत येते. 2004 साली तिबेटात दरड कोसळून तिच्यावर तलाव साचला होता आणि जून 2005 मध्ये तो फुटून सतलजला पूर आला, ती बातमी मला आठवत होती. कळसूबाई, रतनगड, अलंग-मदन-कुलंग असं सगळं करून झालं होतं. मी, नवरा, धाकटे दीर आणि एक मैत्रीण, असे चौघं ठरलो. पंधरा ऑगस्टची सुट्टी जोडून जायचं होतं.

फेब्रुवारीत चौकशी सुरू केली. बाकी सगळे माणशी चाळीस हजारांच्या आसपास सांगत होते. एकाने साडेचोवीस हजार सांगितले. संस्था मनालीची म्हणे, पण फोनवरचा माणूस अस्सल मराठी, पुण्याकडचा. पहिल्या वाक्यापासून ‘ताई’. “ताई, ते लोक परप्रांतीयांना लुटतात. आपल्या माणसांसाठी मी वेगळा रेट ठेवलाय.” मी मैत्रिणीला लगेच फोन करून सांगितलं की आपलाच माणूस भेटला. हिंदीत बोलला असता तर मी दहा प्रश्न जास्त विचारले असते, हे आता कळतं.

साडेचोवीस हजारांत हा ट्रेक होतच नाही. त्यासाठी हिमालय माहीत असायची गरज नाही, एक कागद आणि पेन पुरतं. चौघांचं सामान, तंबू, नऊ दिवसांचा शिधा, गॅस, आचारी, गाइड यांना पाच घोडे तरी लागतात. त्सो मोरिरीकाठच्या कारझोक गावात आपण गाडीत बसून लेहला जातो, पण घोड्यांना त्याच खिंडीतून चालत किब्बरला परत यायचं असतं आणि त्या दिवसांचे पैसेही घोडेवाला घेतो, घेतलेच पाहिजेत. नऊपैकी पहिला दिवस किब्बरलाच, म्हणून चालत जायचे आठ आणि यायचे पाच, असे तेरा दिवस. पाच घोडे तेरा दिवस म्हणजे पासष्ट घोडे-दिवस. घोड्यामागे दिवसाला हजार रुपये धरले तरी पासष्ट हजार, म्हणजे माणशी सव्वासोळा हजार नुसत्या घोड्यांचे. उरलेल्या सव्वाआठ हजारांत गाइड, आचारी, जेवण, मनाली ते काझा गाडी, काझ्यातला मुक्काम, लेहपर्यंतची गाडी आणि त्या गृहस्थाचा नफा. हा हिशेब मी परत आल्यावर केला. दहा मिनिटं लागली.

पैसे भरायची वेळ आली तेव्हा त्याने एका व्यक्तीच्या नावाचा क्यूआर कोड पाठवला. कंपनीचं खातं का नाही, म्हणून विचारलं, तर म्हणाला, “ऑडिट चालू आहे ताई, खातं अडकलंय.” ऑडिटमुळे बँकेचं खातं अडकत नाही. हे मला नाही कळणार तर कोणाला कळणार? तरी मी पैसे पाठवले, कारण ‘पाचच जागा उरल्यात’ म्हणून तो दोन दिवस मागे लागला होता.

मग बिल आलं. वर ठळक अक्षरांत ‘प्रायव्हेट लिमिटेड’, खाली जीएसटी क्रमांक. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो. पहिले दोन आकडे राज्याचे, हिमाचलचे 02, आपले 27. पुढची दहा अक्षरं म्हणजे मालकाचा पॅन. पॅनचं चौथं अक्षर मालक कोण ते सांगतं : कंपनी असेल तर सी, व्यक्ती असेल तर पी. म्हणजे जीएसटी क्रमांकातलं सहावं अक्षर बघायचं. त्या बिलावर पहिले दोन आकडे 27 होते आणि सहावं अक्षर पी. मनालीची प्रायव्हेट लिमिटेड कंपनी म्हणजे महाराष्ट्रात नोंदवलेला एक एकटा माणूस. हे अक्षर मी ऑफिसात दिवसातून पन्नास वेळा बघते, आणि स्वतःचं बिल मात्र फोनवर उघडून ‘थँक यू दादा’ लिहून बंद केलं.

‘इनरलाइन परमिट’चे, म्हणजे सीमेजवळच्या भागात जायच्या परवान्याचे, माणशी 3,200 वेगळे घेतले आणि अशोकस्तंभाचं चित्र असलेला एक रंगीत कागद पाठवला. भारतीय नागरिकांना लडाखच्या त्या भागासाठी इनरलाइन परमिट लागणं ऑगस्ट 2021 मध्येच बंद झालं. पर्यावरण शुल्क वगैरे भरावं लागतं, तेही काही शेकड्यांतलं. वाट सीमेजवळची आहे, तेव्हा जाणाऱ्याने त्या वर्षीचे नियम काझा आणि लेहच्या प्रशासनाकडे स्वतः विचारावेत. एजंटाने पाठवलेला कागद हे त्याचं उत्तर नव्हे. विम्याचे म्हणून माणशी नऊशे घेतले, त्याची पॉलिसी आजतागायत आलेली नाही. शिवाय त्याने सॅटेलाइट फोन देण्याचं कबूल केलं होतं. आपल्या देशात परवानगीशिवाय सॅटेलाइट फोन जवळ बाळगणं हाच गुन्हा आहे. जो माणूस असा फोन सहज कबूल करतो, त्याच्याकडे एक तर फोन नसतो, नाही तर परवानगी.

पण यातलं काहीच जिवावर बेतणारं नव्हतं. जिवावर बेतणारी गोष्ट होती कार्यक्रमपत्रिका, आणि तीच आम्हाला सगळ्यात जास्त आवडली होती. इतरांचा कार्यक्रम तेरा-चौदा दिवसांचा होता, याचा अकरा. दोन रजा वाचत होत्या. इतर लोक सिमल्याकडून नेत होते : कल्पा, नाको, ताबो असे मुक्काम करत हळूहळू वर, मग काझ्यात दोन रात्री. आमचं असं होतं : पहिली रात्र मनाली, 2,050 मीटर. दुसऱ्या दिवशी अटल बोगदा, बातलला राजमा-चावल, कुंझुम ला आणि रात्री काझा, 3,650. तिसरी रात्र किब्बर, 4,270. चौथी रात्र थलटक, साधारण 4,700. विरळ हवेचा त्रास होऊ नये म्हणून तीन हजार मीटरच्या वर झोपायची जागा रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी एक दिवस थांबावं, हा अगदी प्राथमिक नियम. आम्ही एका दिवसात सोळाशे मीटर चढलो, तेही गाडीत बसून, गाणी म्हणत.

काझ्यात ‘लोकल टीम’ भेटणार होती. भेटला तो एक पोरगा, टॅक्सी स्टँडवर. हाच गाइड आणि हाच आचारी. किब्बरला तीन घोडे उभे होते, एक घोडेवाले काका आणि त्यांचा भाचा. पाच घोडे हवे होते ना, असं नवरा म्हणाला. “सामान कम है,” काका म्हणाले. सामान कमी का आहे, हे विचारायचं आम्हाला सुचलं नाही. आम्हाला उलट बरं वाटलं.

वाटेतल्या दुमलाच्या मुक्कामाला न थांबता पहिल्याच दिवशी थलटक गाठलं. भाऊजींचं डोकं किब्बरपासूनच दुखत होतं, ते कोणाला बोलले नाहीत. संध्याकाळी तंबूत शिरले आणि उलट्या सुरू झाल्या. मी ऑक्सिजन मागितला. पोरग्याने पिशवीतून डासांच्या स्प्रेसारखा एक हलका डबा काढून दिला. वर तोंडाला लावायची प्लॅस्टिकची वाटी. डब्यावर लिहिलं होतं, दहा लिटर. अशा रुग्णाला मिनिटाला तीन-चार लिटर लागतो. म्हणजे तो डबा तीन मिनिटांचा. असे दोन डबे. ‘ऑक्सिजन सिलिंडर समाविष्ट’ असं बिलावर लिहिलेलं होतं ते हे.

भाऊजींना गरम पाणी हवं म्हणून मी स्वयंपाकाच्या तंबूत गेले. पाणी तापायला वेळ लागत होता. बॅटरीच्या उजेडात बसल्या बसल्या सवयीने माल मोजायला लागले. तांदूळ दोन किलोच्या आतबाहेर. कणीक दीड किलो. किलोभर डाळ, नऊ बटाटे, चार कांदे, मॅगीची बारा पाकिटं, गॅसचं एक छोटं सिलिंडर. खाणारी माणसं सात. माणशी एका वेळेला शंभर ग्रॅम धरलं तर तांदूळ आणि कणीक मिळून पस्तीस ताटं. दोन वेळचं म्हटलं तर अडीच दिवस. आणि आम्हाला चालायचे होते अजून सात दिवस, मध्ये एकही दुकान नसलेल्या मुलखात. मी पुन्हा मोजलं. दुसऱ्या पिशव्या कुठे आहेत म्हणून पोरग्याला विचारलं. तो शेगडीकडे बघत राहिला.

काका आत आले. त्यांनी भाऊजींना बाहेर बोलावलं आणि जमिनीवर काठीने एक रेघ ओढली. टाचेला अंगठा लावत त्या रेघेवरून चालायला सांगितलं. भाऊजी तिसऱ्या पावलाला कलंडले. “नीचे. अभी,” काका एवढंच म्हणाले आणि घोड्यावर खोगीर चढवायला गेले. दहा वाजले होते, चंद्र नव्हता. नवरा एका बाजूने, भाचा दुसऱ्या बाजूने भाऊजींना धरून, आणि मी मागून बॅटरी मारत. मैत्रीण आणि तो पोरगा सकाळी सामान घेऊन आले.

उतरताना मी काकांना शिध्याचं विचारलं. ते म्हणाले, “मैडम, हमको तो तीन दिन का ही बोला था. बोला, पार्टी ऊपर से वापस आएगी.”

मला आधी नीट ऐकू आलं नाही असं वाटलं. कोण बोललं? मनालीचा एक माणूस. त्याला कोणी सांगितलं? ते यांना ठाऊक नव्हतं. हातात पाच हजार आगाऊ मिळाले होते, बाकी नंतर. या उन्हाळ्यातली अशी ही तिसरी पार्टी होती. “हमको लगा आपको पता है.” त्यांना खरंच वाटलं होतं की आम्ही स्वस्तातला छोटा फेरफटका घेतलाय.

आता माझा तर्क सांगते. पुरावा नाही, पण हिशेब जुळतो. त्या माणसाने आम्हाला नऊ दिवसांचा ट्रेक विकला आणि स्वतः विकत घेतला फक्त तीन दिवसांचा. उरलेले सहा दिवस त्याने आमच्या डोकेदुखीच्या भरवशावर ठेवले. इतक्या भराभर वर नेलं की चौघांत एकाला तरी त्रास होणारच, एकाला झाला की सगळे परततात, आणि अटींमधला अकरावा मुद्दा म्हणतो की तब्येतीच्या कारणाने परत आल्यास परतावा नाही. दोन रजा वाचवणारी ती पत्रिका आम्हाला माघारी पाठवण्यासाठीच आखलेली होती. आणि परत आलेला माणूस तक्रारही करत नाही, आपणच कमी पडलो म्हणून गप्प बसतो. आम्हीही पहिले चार दिवस गप्पच होतो. भाऊजी तर सगळ्यांची माफी मागत होते.

काझ्याच्या दवाखान्यात बोटाला रक्तातला ऑक्सिजन मोजायचं यंत्र लावलं तेव्हा 61 आकडा दिसला. रात्रभर ऑक्सिजन लावला, दुसऱ्या दिवशी दुपारी त्यांनी थुक्पा, म्हणजे नूडल्सचं सूप, मागितला. डॉक्टरांनी पैसे घेतले नाहीत. सासूबाईंना ही 61 ची गोष्ट अजून माहीत नाही.

त्या गृहस्थाला फोन केला. “ताई, तब्येत निसर्गाच्या हातात असते. पॉइंट अकरा बघा.” शिध्याचं विचारलं तेव्हा फोन कापला आणि त्यानंतर व्हॉट्सॲपवर एकच टिक. सायबर फसवणुकीच्या 1930 या हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली. चौकीवर म्हणाले, तुम्ही स्वतःहून पैसे पाठवले, सेवा थोडीफार मिळाली, हा दिवाणी मामला आहे. मग जिल्हा ग्राहक आयोगात गेलो. 2019 च्या कायद्याने आपण राहतो तिथेच तक्रार करता येते आणि पाच लाखांपर्यंत फी नाही, त्यामुळे पुण्याला किंवा मनालीला खेटे घालावे लागत नाहीत. दोन तारखा झाल्या. नोटिशीचं पाकीट ‘पत्ता सोडून गेले’ असा शेरा घेऊन परत आलं, आता यूपीआयच्या नावावरून पत्ता शोधणं चालू आहे. चॅट पुसू नका, बिलं जपा, आणि शिध्याचा फोटो काढा. मी त्या रात्री तो काढला नाही, तिथेच आमची बाजू लंगडी पडते आहे.

काकांचे राहिलेले पैसे आम्ही काझ्यातून निघण्याआधी दिले. मनालीवाल्याने दिले नसते. त्यांचा नंबर घेऊन ठेवला होता. गेल्या महिन्यात फोन केला, पुढच्या ऑगस्टसाठी. या वेळी सिमल्याकडून येणार, काझ्यात तीन रात्री राहणार, गाइड त्यांनीच सुचवलेला. पलीकडून बराच वेळ वाऱ्याचा आवाज येत राहिला, मग त्यांनी घोडे किती ते विचारलं. सहा, म्हटलं.

“और दिन? पूरे?”

पूरे, म्हटलं. वापसी के भी.