७ मिलिमीटरच्या वेटसूटवर रबरी वेट बेल्ट: घ्यावा का, आणि त्यावर शिसं किती लावावं?

स्कूबा डायव्हिंगमध्ये सूट अंगाला तरंगवतो, म्हणून खाली जायला कमरेच्या बेल्टवर शिशाचे ठोकळे ओवतात. ७ मिलिमीटरच्या वेटसूटवर नायलॉनचा असा बेल्ट काठावर कितीही घट्ट आवळा, १०-१५ मीटरवर तो ढिला पडतोच. दोष बकलचा नसतो. सूटच्या निओप्रीनमधले (फेसाळ रबरातले) गॅसचे बुडबुडे दाबाखाली आकसतात, सूट पातळ होतो आणि कमरेचा घेर कमी होतो. मग बेल्ट फिरतो, बकल पाठीकडे सरकतं आणि शिसं एका अंगाला ओढत राहतं. रबरी बेल्ट घ्यायचा तो एवढ्यासाठीच. काठावर ताणून बांधला की खाली सूट जसा आकसतो तसा तोही आकसतो आणि कमरेवर जागच्या जागी राहतो.

मालवण-तारकर्लीला ३ मिलिमीटरच्या सूटमध्ये शिकलेल्यांना हा प्रश्न पडत नाही, कारण तिथे आकसायला निओप्रीनच फारसं नसतं. कॅलिफोर्नियात माँटेरेला पाणी वर्षातला बराच काळ १० ते १४ अंशांच्या आसपास असतं. तिथे ७ मिलिमीटरचा दोन तुकड्यांचा सूट, हुड, बूट आणि जाड हातमोजे असा सगळा जामानिमा लागतो. असा नवा सूट एकटाच ९-१० किलोंचं शिसं मागतो. ३० मीटरवर त्यातली ६-७ किलोंची उचल (तरंगवण्याचा जोर) नाहीशी झालेली असते, आणि ती भरून काढायला बीसीडीत (अंगात घालायच्या हवेच्या जॅकेटमध्ये) हवा भरावी लागते.

इथे कुठल्या एका ब्रँडचा विचार नाही. ५ सेंटीमीटर रुंद, मार्सेय बकलचा रबरी पट्टा बऱ्याच कंपन्या बनवतात. हे बकल पँटच्या पट्ट्यासारखं भोकात काटा अडकवणारं असतं, पण शेपटी झटक्याने ओढली की सुटतं. घेण्याआधी हातमोजे घालून, उजव्या हाताने, न बघता ते सुटतं का हे दुकानातच पाहा. काही बकलांचा काटा भोकात रुतून बसतो आणि थंडीने बधिर झालेल्या बोटांना दाद देत नाही. तसं बकल असेल तर बेल्ट कितीही चांगला असो, घेऊ नका. किंमत नायलॉनच्या दुप्पट-तिप्पट पडते, आणि जाड सूटवर ती वसूल होते.

शिसं ओवताना रबर अडून बसतं. साबणाचं पाणी लावलं की ठोकळा सरकतो आणि वाळल्यावर तिथेच घट्ट राहतो, त्यामुळे ठोकळे जागेवर धरायला वेगळ्या क्लिपा लागत नाहीत. बेल्ट पोटावर नाही, कमरेच्या हाडांवर बसवायचा. पोटावर ताणलेलं रबर खोल श्वास घेऊ देत नाही. लांबी कापायची घाई करू नका. सूट घालून, शिसं ओवून, ताणून माप घ्या आणि मगच कापा.

मर्यादाही आहे. ७-८ किलोंच्या वर शिसं लावलं की रबर ताणतं आणि बोटीवरून उडी मारताना बेल्ट मांड्यांपर्यंत घसरतो. म्हणून माँटेरेला लागणारं सगळं शिसं एकट्या रबरी बेल्टवर टाकणं चूक.

मुळात किती लागेल, हे पाण्यातच ठरतं. ‘शरीराच्या वजनाच्या १० टक्के अधिक २-३ किलो’ हा हिशोब फक्त सुरुवात करायला ठीक आहे. तपासणी डाइव्हच्या शेवटी करा, सिलिंडरमध्ये ३५-५० बार उरलेले असताना. आधी हुडची कड ओढून अडकलेली हवा काढून टाका. कोरडा निओप्रीन बुडबुडे धरून ठेवतो, म्हणून दिवसाच्या पहिल्या डाइव्हच्या सुरुवातीला सूट हलका वाटतो आणि माणूस उगाच जास्त शिसं मागतो. पाण्यावर उभं राहून बीसीडी पूर्ण रिकामी करा आणि नेहमीचा श्वास रोखा. पाणी डोळ्यांच्या पातळीवर यावं, श्वास सोडल्यावर हळूहळू डोकं खाली जावं.

भरलेल्या सिलिंडरने तपासत असाल तर त्यात हवेचं वजन मिळवा. ११.१ लिटरच्या अ‍ॅल्युमिनियम सिलिंडरात २०७ बारला पावणेतीन किलोंच्या आसपास हवा असते. ती संपत आली की हाच सिलिंडर स्वतः तरंगू लागतो. सुरुवातीला ‘अगदी बरोबर’ वाटलेला डायव्हर वर येताना घ्यायच्या ५ मीटरच्या थांब्यावर टिकू शकत नाही, तो यामुळे. तलावात किंवा पूलमध्ये बरोबर बसलेलं वजनही समुद्रात कमी पडतं: सामानासकट ११० किलोंच्या डायव्हरला पावणेतीन किलोंच्या आसपास जास्त लागतं.

आता वाटणी. ७५ किलोंच्या डायव्हरला वरच्या सामानासकट साधारण १२ किलो लागतात असं धरू. स्टीलची बॅकप्लेट (सिलिंडर पाठीवर धरणारी पाटी) २.७ किलो देते. सिलिंडरच्या वरच्या पट्ट्यावर दोन छोट्या खिशांत ४-४ पौंडांचे दोन ठोकळे, म्हणजे ३.६ किलो. उरलेले ५.४ किलो बेल्टवर, ३ पौंडांचे ४ ठोकळे, दोन्ही कमरांवर सारखे. सगळं शिसं कमरेला असलं की पाय खाली लोंबतात आणि फिन मारताना तळाचा गाळ उडतो, वरचे ३.६ किलो शरीर आडवं करतात. घोट्याला वजनं बांधायची गरज वेटसूटमध्ये क्वचितच पडते.

बीसीडीचे खिसे सोयीचे असतात, पण जाड सूटसाठी सगळं शिसं त्यांतच भरणं आम्हाला पटत नाही. केल्पमध्ये (उंच समुद्री शेवाळाच्या दाटीत) अडकून बीसीडी काढायची वेळ आली तर शिसं बीसीडीसोबत खाली ओढतं आणि सूट तुम्हाला वर. सॅन कार्लोस बीचसारख्या वाळूच्या किनाऱ्यावरून पाण्यात शिरताना खिशांच्या व्हेल्क्रोत वाळू शिरते, पकड सुटते आणि एक खिसा गळून पडला की एका क्षणात ४-५ किलो वजन जातं. शिसं कमरेवर वेगळं असलं की यातलं काही होत नाही.

बॅकप्लेटला मांड्यांमधून जाणारा पट्टा असेल तर बेल्ट त्याच्या वरून बांधा, नाहीतर सोडलेला बेल्ट तिथेच अडकून राहील. संकटात बेल्ट टाकायचा तो पाण्यावर आल्यावर. खोलवर टाकलेले ५.४ किलो वर येताना सूट पुन्हा फुगल्यावर थांबू देत नाहीत. फक्त बीसीडी फाटली आणि पोहून वर येता येत नसेल तेव्हाच तो खोलवर असताना सोडायचा. केल्पमध्ये शिरण्याआधी बेल्टची मोकळी शेपटी आत दुमडून घ्या, पण एका झटक्यात बाहेर येईल एवढी सैल ठेवा.

सूट जुना होतो तसा त्यातला निओप्रीन दबून पातळ राहतो आणि शिसं कमी लागतं. म्हणून दर हंगामाच्या सुरुवातीला तपासणी नव्याने करा आणि एका वेळी एकच ठोकळा काढून पाहा. ५ मीटरवर बीसीडीत बरीच हवा ठेवावी लागत असेल तर वजन नक्की जास्त आहे.

बेल्ट गोड्या पाण्याने धुऊन, शिसं काढून सावलीत वाळवा. उन्हात टांगलेलं रबर चिरतं, आणि चिरा आधी भोकांभोवती दिसतात, कारण ताण तिथेच येतो. भोकाजवळचा भाग ताणून पाहिल्यावर बारीक रेघ दिसली तर तो बेल्ट पाण्यात नेऊ नका.