जर्सीवरचा प्रायोजक श्रद्धेला मान्य नसेल तर: आमला, कानूते, सिसे आणि सनी बिल यांच्या मार्गांची तुलना

संघाच्या जर्सीवर मद्याच्या, जुगाराच्या किंवा व्याजाने पैसे देणाऱ्या कंपनीचे नाव आहे आणि आपला धर्म त्या व्यवहाराला मनाई करतो, अशा पेचात सापडलेल्या खेळाडूपुढे प्रत्यक्षात मोजकेच मार्ग उरतात. लोगोविना खेळण्याची परवानगी मिळवणे, त्या जागी दुसरे काही लावून घेणे, किंवा वाद घालून अखेरीस तीच जर्सी घालणे, हे ते मार्ग होत. यांपैकी प्रत्येक मार्गाने कोणी ना कोणी नामवंत खेळाडू गेलेला आहे, त्यामुळे करारावर सही करण्यापूर्वी त्यांचे अनुभव शेजारी शेजारी ठेवून पाहता येतात.

हाशिम आमलाचे उदाहरण मला सर्वांत अनुकरणीय वाटते. दक्षिण आफ्रिकेच्या क्रिकेट संघाला कॅसल या बिअरचे प्रायोजकत्व होते आणि मद्य इस्लामला निषिद्ध असल्याने आमलाने तो लोगो आपल्या पोशाखावर नको असे सांगितले. मंडळाने ते मान्य केले आणि पुढची अनेक वर्षे तो सहकाऱ्यांसारख्याच पोशाखात, केवळ त्या एका लोगोविना, खेळत राहिला. २०१२ च्या जुलैत ओव्हलवर त्याने नाबाद ३११ धावा केल्या, कसोटीत त्रिशतक करणारा तो दक्षिण आफ्रिकेचा पहिला फलंदाज ठरला, तेव्हाही त्याच्या अंगावर कॅसलचे नाव नव्हते. त्या लोगोच्या अभावाने ना संघाची एकजूट ढळली ना प्रायोजक पळाला.

परंतु तीच सवलत ऑस्ट्रेलियात फवाद अहमदला मिळाली, तेव्हा वातावरण वेगळे होते. पाकिस्तानातून आश्रय मागून आलेल्या या लेगस्पिनरला २०१३ मध्ये नागरिकत्व मिळाले आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या दौऱ्यावर त्याने व्हिक्टोरिया बिटर या बिअरचा लोगो न लावण्याची विनंती केली. क्रिकेट ऑस्ट्रेलियाने आणि बिअर कंपनीनेही ती विनाअट मानली. तरीही डग वॉल्टर्ससारख्या माजी कसोटीपटूने संघाचा पोशाख नको असेल तर संघातही नसावे अशा आशयाची टीका जाहीरपणे केली. म्हणजे हा मार्ग निवडणाऱ्याला मंडळाची संमती मिळवणे एक गोष्ट आणि लोकांचे बोल सोसणे दुसरी. नवख्या, परदेशातून आलेल्या खेळाडूला ही दुसरी गोष्ट अधिक जड जाते.

आता व्याजाचा प्रश्न, जो मद्यापेक्षा अधिक गुंतागुंतीचा आहे. २०१३-१४ च्या हंगामापासून न्यूकॅसल युनायटेड या इंग्लंडमधील फुटबॉल क्लबच्या जर्सीवर अल्पमुदतीची कर्जे चढ्या व्याजाने देणाऱ्या वोंगाचे नाव आले. आघाडीपटू पापिस सिसेने ती जर्सी घालण्यास नकार दिला, संघाचा पोर्तुगालमधील सराव दौरा त्याच्याविना पार पडला, आणि जुलै २०१३ च्या अखेरीस चर्चेनंतर त्याने माघार घेतली. दरम्यान त्याच्या विरोधातील मुद्दे वृत्तपत्रांनी शोधून काढले: आदल्या हंगामात त्याने व्हर्जिन मनी या बँकेचे नाव निमूटपणे वागवले होते, आणि कॅसिनोतील त्याची छायाचित्रेही छापून आली. बँकेचे व्याज आणि सावकारी पद्धतीचे व्याज यांत फरक मानणे कोणालाही पटू शकते, पण तो फरक आधी आपण स्वतःशी स्पष्ट केलेला नसेल तर दुसरे लोक तो आपल्यासाठी स्पष्ट करतात, आणि त्यांची भाषा दयेची नसते. त्याच जर्सीत संघातील इतर मुस्लीम खेळाडू खेळत होते, हेही सिसेची बाजू दुबळी करणारे ठरले, जरी एकाच श्रद्धेची दोन माणसे तिच्या मर्यादा वेगवेगळ्या मानू शकतात.

न्यूझीलंडचा रग्बीपटू सनी बिल विल्यम्सचा मार्ग वरवर पाहता सर्वांत धसमुसळा होता. एप्रिल २०१७ मध्ये, दुखापतीतून परतल्यावर, डनेडिनमधील सामन्यात ब्लूज संघाच्या जर्सीच्या कॉलरवर असलेला बीएनझेड या बँकेचा लोगो त्याने चिकटपट्टीने झाकला. त्याला बँका, मद्य आणि जुगार या कंपन्यांची जाहिरात करायची नव्हती. न्यूझीलंड रग्बीने त्याचा आक्षेप मान्य केला आणि त्याच्या कॉलरवर बँकेऐवजी प्लंकेट या मातांच्या व बालकांच्या आरोग्यासाठी काम करणाऱ्या संस्थेचा लोगो आला. ही तडजोड मला फार आवडते, कारण प्रायोजकाला आपली जागा एका चांगल्या कामाला दिल्याचे श्रेय मिळते आणि खेळाडूही एकटा उघडा पडत नाही. मात्र ऑल ब्लॅक्स या न्यूझीलंडच्या राष्ट्रीय रग्बी संघाच्या जर्सीवर त्या काळी एआयजी ही विमा कंपनी होती, ती त्याला कशी चालते, असा सवाल त्यालाही विचारला गेलाच.

फुटबॉलपटू फ्रेडरिक कानूतेने २००६ मध्ये सेव्हिया या स्पॅनिश क्लबकडून खेळताना जुगाराच्या संकेतस्थळाचे नाव असलेली जर्सी नाकारली, काही काळ तो नावाविना जर्सी घालून खेळला, आणि पुढे संमती देऊन नावासह खेळू लागला. याच्याकडे पराभव म्हणून पाहण्याची गरज नाही. अंगावरचा पोशाख संघाचा असतो, तर स्वतःच्या नावाने केलेली जाहिरात आपली असते, ही रेषा मराठी वाचकाला परिचित आहे: वडील प्राध्यापक रमेश तेंडुलकर यांना दिलेल्या शब्दामुळे सचिनने तंबाखूची आणि मद्याची जाहिरात कधीही स्वीकारली नाही, परंतु नव्वदच्या दशकात भारतीय संघाच्या जर्सीवरचे विल्स या सिगारेटचे नाव इतरांप्रमाणे त्यानेही वागवले. तो शब्द धार्मिक नव्हे, वडिलांना दिलेला होता, तरी रेषा तीच आहे, आणि ज्याला ती मान्य आहे त्याने लोगोवरून भांडण्याऐवजी वैयक्तिक जाहिरात व छायाचित्रे वगळण्याचे कलम मागावे.

माझा कौल असा. आक्षेप मद्याचा असेल तर आमलासारखी पूर्ण सवलत मागावी, कारण मनाई निःसंदिग्ध असते आणि ती मान्य करणाऱ्या मंडळांची उदाहरणे दाखवता येतात. व्याजाचा असेल तर बदली लोगोचा प्रस्ताव सोबत घेऊन जावे. जुगाराचा असेल तर आधी करारातील पर्याय तपासावेत: इंग्लंडच्या प्रीमियर लीगमधील क्लबांनी २०२५-२६ च्या हंगामानंतर छातीवरील जुगाराचे नाव काढण्याचे २०२३ मध्येच ठरवले, पण बाहीवर ते राहू शकते. कोणताही मार्ग निवडला तरी विनंती सहीपूर्वी, लेखी, आणि सराव पोशाख, टोपी, बॅग, विजयानंतरची शॅम्पेन यांसह एकदाच करावी. प्रायोजक हंगामाच्या मध्यात बदलला तर काय, हेही त्याच कागदावर लिहून घ्यावे, कारण सिसे संघात आला तेव्हा वोंगाचा करार झालेलाच नव्हता.