एका टायरला पाच पंक्चर: शिरवळच्या पुढे झालेली आमची फसवणूक

मे महिन्यात पुण्याहून कराडला जाताना शिरवळच्या पुढे एका पंक्चरच्या दुकानात आम्हाला फसवलं. ३३५० रुपये गेले. पैशांचं दुःख एव्हाना ओसरलंय. पण ज्या टायरवर मी माझ्या दोन मुलांना आणि सासूबाईंना घेऊन खंबाटकीचा घाट चढले, तो टायर दुसऱ्या दिवशी कराडच्या टायरवाल्यांनी आतून उघडून दाखवला, तेव्हा पोटात जो गोळा आला तो अजून गेलेला नाही. सुट्टीत गाडी काढून गावी जाणारी कितीतरी कुटुंबं याच रस्त्यानं जातात, म्हणून जसं घडलं तसं सांगते.

मामेबहिणीचं लग्न होतं. ह्यांना रजा नव्हती, ते लग्नाच्या आदल्या रात्री एसटीनं येणार होते. मुलांना सुट्टी, सासूबाईंनाही माणसांत जायचं होतं, म्हणून मी गाडी घेऊन दोन दिवस आधी निघाले. सहा वर्षं गाडी चालवते आहे, पण बहुतेक शहरातच. डिकीत आहेराची भांडी, लाडवांचे डबे, चार माणसांच्या बॅगा. खेड-शिवापूरचा टोल झाला, सारोळ्याला नीरेचा पूल ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो आणि शिरवळ मागे पडल्यावर एक मोटरसायकल बाजूला आली. दोघं होते. मागचा माणूस आमच्या मागच्या चाकाकडे बोट दाखवून जोरजोरात हात हलवत होता. काच खाली केली तर म्हणाला, "ताई, मागं हवाच नाही! टायर फुटंल! पुढं अर्ध्या किलोमीटरवर दुकान आहे, सावकाश न्या." आणि ते निघून गेले.

आता मागे वळून बघताना कळतं की गाडी तेव्हा काहीच सांगत नव्हती. टायर खरंच बसला असेल तर गाडी एका बाजूला ओढते, मागून थडथड आवाज येतो, बूड जड झाल्यासारखं वाटतं. यातलं काहीही नव्हतं. पण माझ्या डोक्यात "फुटंल" एवढाच शब्द राहिला. खाली उतरून बघितलं, तर डाव्या बाजूचा मागचा टायर खरोखर बसल्यासारखा दिसला. माणसं आणि सामान भरलेल्या गाडीची मागची चाकं तशी दिसतातच, हे मला नंतर समजलं.

अर्ध्या किलोमीटरवर पत्र्याची शेड होती. कॉम्प्रेसर, जुन्या टायरांचा ढीग, पाण्याची अर्धी कापलेली टाकी. तिथला माणूस फार अदबीनं बोलला. सासूबाईंना बसायला खुर्ची दिली, मुलांना माठातलं पाणी दिलं. हवा मोजली आणि मीटर माझ्यासमोर धरलं, २२. आमच्या गाडीला ३३ लागते, हे त्यानंच मला सांगितलं. ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर तो आकडा छापलेला असतो. मी तो सहा वर्षांत वाचला नव्हता.

मग त्यानं चाक काढून जमिनीवर आडवं टाकलं, साबणाचं पाणी ओतलं आणि ओल्या फडक्यानं टायर पुसायला लागला. मी शेजारीच उभी होते, दोन हातांवर. फडकं पुढे सरकायचं, थोडं थांबायचं, दाबलं जायचं, आणि ते उचललं की मागे बारीक बुडबुडे यायला लागायचे. "हे बघा एक." पुन्हा फडकं पुढे. "हे दोन." मला वाटलं, चिखल पुसला जातोय म्हणून भोक दिसतंय. असे पाच झाले. मी स्वतःच्या डोळ्यांनी बघितले होते, त्यामुळे शंका घ्यायला जागाच उरली नाही.

पट्टी मारली तर हायवेवर टिकणार नाही, म्हणाला, आतून मशरूम, म्हणजे छत्रीसारखी रबरी बुचं, लावावे लागतील, एकाचे ३५०. मी थोडी घुटमळले. तेव्हा तो काही वाढवून बोलला नाही, फक्त मुलांकडे बघत म्हणाला, "तुमची मर्जी ताई. पुढं घाट आहे. लेकरं आहेत गाडीत."

या एका वाक्यापुढे मी हरले. ह्यांना फोन लावला, तेही म्हणाले, पैशांकडे बघू नकोस, करून घे. कुठल्याही आईबापांनी हेच केलं असतं, आणि हे त्या माणसाला पक्कं माहीत होतं. माझा राग आहे तो यावर. आमच्या पोरांबद्दलची आमची काळजी त्यानं हत्यारासारखी वापरली.

तेवढ्यात "पुढचाही बघतो, चेक करायचे पैसे नाहीत" असं म्हणून त्यानं डावीकडचं पुढचं चाक काढलं. त्यात चार निघाले. नऊ मशरूमचे ३१५०, दोन व्हॉल्व्हचे २००. स्टेपनी लावून पुढे जाता येईल का, असं मी एकदा विचारलं होतं. त्यानं डिकीतलं सामान उतरवून स्टेपनी बाहेर काढली आणि अंगठ्यानं दाबून दाखवली. तिच्यात हवाच नव्हती. हे मात्र त्याचं खोटं नव्हतं. गाडी घेतल्यापासून आम्ही स्टेपनीला हात लावलेला नव्हता. त्या क्षणी माझ्याकडे दुसरा रस्ताच उरला नाही. बिल मागितलं तर पुस्तक संपलंय म्हणाला. मी फोनवरून पैसे भरले, वर त्याचे आभार मानले, आणि तसाच घाट चढून, सातारा ओलांडून शंभरेक किलोमीटर गाडी ऐंशीच्या वेगानं चालवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मांडवाच्या दारात मागचा टायर जमिनीला टेकलेला होता. माझा मामेभाऊ टेम्पो चालवतो. त्याला सगळं सांगितलं तर तो बराच वेळ गप्प राहिला, मग म्हणाला, "अगं ताई, एका टायरला पाच? खिळ्यांच्या पोत्यावरनं गाडी नेली होतीस का?"

त्याच्या ओळखीच्या टायरवाल्यांनी दोन्ही टायर रिमवरून उतरवले. साठीचे गृहस्थ आहेत, चाळीस वर्षं हेच काम करतात. आधी त्यांनी मला बाहेरची बाजू दाखवली. नऊच्या नऊ भोकं एकाच जाडीची, त्यातली आठ खाचांमध्ये आणि एक कडेला. "खिळा काय निवडून खाचेत घुसतो का, ताई? रबर पातळ कुठं असतं ते माणसाला कळतं, खिळ्याला नाही." एकाही भोकात गंज नव्हता, खिळ्याचा तुकडा नव्हता. म्हणजे आमच्या टायरला एकही पंक्चर नव्हतं. हवा नुसती कमी होती, कारण अडीच-तीन महिने मी ती बघितली नव्हती.

मग त्यांनी एक ओलं फडकं घेतलं, त्यात टोच्या धरला, वर नुसतं टोक, आणि जुन्या टायरवर फिरवून दाबला. फडकं उचललं, बुडबुडे आले. अगदी आदल्या दिवशी मी बघितले होते तसेच. माझ्या हातापायातलं बळच गेलं.

आतली बाजू याहून वाईट होती. मशरूम लावायचा तर आतलं रबर घासून खरखरीत करावं लागतं, सोल्यूशन लावून ते थोडं सुकू द्यावं लागतं, मग मशरूम ओढून वरून रोलर फिरवावा लागतो. नऊ मशरूम नीट लावायला दीड-दोन तास हवेत. आमचं सगळं पाऊण तासात आटपलं होतं. त्यांनी नखानं कड उचलली तर एक मशरूम स्टिकरसारखा निघून आला. आणि ते कडेचं भोक! टायरच्या बाजूच्या भिंतीला आणि खांद्याला पंक्चर काढतच नाहीत, कारण चाक फिरताना तो भाग सतत वाकतो आणि ठिगळ टिकत नाही. मे महिन्याच्या तापलेल्या डांबरावर, भरल्या गाडीखाली, तो टायर केव्हाही फाटला असता. दोन्ही टायर बाद झाले. नवे घ्यावे लागले. घेताना त्यांनी कडेचे चार आकडे वाचायला शिकवलं: पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन सालाचे, ३२१८ म्हणजे २०१८ सालचा बत्तिसावा आठवडा. जुना माल नवा म्हणून गळ्यात पडू नये म्हणून.

त्या दुपारी मांडवामागे मामेभावानं मला चाक बदलायला लावलं. हळदीच्या हातानंच शिकले म्हणा. हँडब्रेक ओढायचा, गाडी गिअरमध्ये ठेवायची, तिरक्या समोरच्या कोपऱ्यातल्या चाकाला दगड लावायचा. चाक जमिनीवर असतानाच आधी नट सैल करायचे, कारण गाडी उचलल्यावर चाक नुसतं फिरतं. हातानं नट हलेना, तेव्हा पान्यावर पाय ठेवून अंगाचा भार टाकायला त्यानं सांगितलं, आणि पहिला नट कर्रकन सुटला. जॅक कुठेही लावायचा नाही, गाडीच्या खालच्या कडेला त्यासाठी खाच असते तिथेच. बसवताना नट समोरासमोरचे आवळत जायचे आणि शेवटचं घट्ट करणं पुन्हा गाडी खाली घेतल्यावर. पहिल्यांदा मला पस्तीस मिनिटं लागली. कुणालाही जमेल असं काम आहे, आणि ते येत नव्हतं म्हणून मी एका परक्या माणसाच्या हातात सापडले.

तुम्हाला कुणी असा हात केला तर माझं कळकळीचं सांगणं एवढंच की तो दाखवेल तिथे थांबू नका. थांबायची जागा तुम्ही ठरवा. गाडी ओढत नसेल, आवाज नसेल, तर वेग कमी करून डाव्या लेननं पेट्रोलपंपापर्यंत किंवा टोलनाक्यापर्यंत जा आणि हवा मोजून घ्या. त्या रस्त्यावर शिरवळच्या पुढे आनेवाडीचा टोल आहे, साताऱ्यापलीकडे तासवडेचा. ट्यूबलेस टायरमध्ये खिळा असला तरी हवा बहुतेक वेळा हळूहळू जाते; तो खिळा रस्त्यात उपटू नका, त्यानंच भोक बुजवलेलं असतं. गाडीच्या बारा व्होल्टच्या सॉकेटवर चालणारा हवेचा छोटा पंप आम्ही आता डिकीत ठेवतो. हवा भरायची आणि पुढच्या ओळखीच्या ठिकाणापर्यंत जायचं, एवढं त्याच्यावर आरामात होतं.

चाकाला धूर येतोय, इंजिनातून ऑइल गळतंय, असं सांगूनही गाड्या थांबवतात. मामेभावाच्या एका मित्राच्या बाबतीत थांबवणाऱ्यानंच बोनेट उघडताना कापसानं ऑइल लावलं होतं. म्हणून बोनेट स्वतः उघडा आणि नजर हलवू नका. डॅशबोर्डवर तापमानाचा काटा वर नसेल, लाल दिवा लागलेला नसेल, तर धीर धरून पुढे जाता येतं. काटा खरंच वर गेला असेल तर मात्र लगेच कडेला घ्या, इंजिन बंद करा, आणि अर्धा-पाऊण तास रेडिएटरच्या झाकणाला हात लावू नका. उकळतं पाणी तोंडावर उडतं.

आणि खरोखर अडकलात तर राष्ट्रीय महामार्गावर १०३३ हा नंबर चोवीस तास असतो. गस्तीची गाडी, क्रेन, रुग्णवाहिका त्यावरून मिळते. जिवाला धोका वाटला तर ११२. उजवीकडचं, म्हणजे वाहत्या रस्त्याच्या बाजूचं चाक बसलं असेल तर ते स्वतः बदलायच्या भानगडीत पडू नका. माणसांना डावीकडून उतरवून रेलिंगच्या पलीकडे उभं करा, मागे लांबवर लाल त्रिकोण ठेवा आणि फोन करा. आमच्या विम्याच्या पॉलिसीत रोडसाइड असिस्टन्स, म्हणजे गाडी रस्त्यात अडकली तर मदत, होता. त्याचे पैसे मी दरवर्षी भरत होते आणि त्या दिवशी ते मला ठाऊकच नव्हतं. पॉलिसी आजच काढून वाचा, नंबर मोबाइलमध्ये घाला. नवी गाडी असेल तर तिच्यात स्टेपनी आहे का तेही बघा. २०२० च्या नियमबदलानंतर काही गाड्यांना ती नसली तरी चालते, पण मग ट्यूबलेस टायर, हवेचा दाब दाखवणारी यंत्रणा आणि पंक्चरचं किट असावं लागतं.

टायर उघडायची वेळ आलीच तर फडकं बाजूला ठेवायला सांगा. साबणाचं पाणी ओता आणि कुणीही टायरला हात न लावता बुडबुडे येतात का ते बघा. दुसऱ्या चाकाला हात लावू देऊ नका. काढलेला खिळा हातात मागा. भाव आधी, बिल नंतर, आणि बिल नाही म्हटलं तर काम नाही. मी तक्रार करायला गेले तेव्हा माझ्याजवळ फक्त पैसे गेल्याचा स्क्रीनशॉट होता, त्यावरचं नाव दुकानाचं नव्हतं, आणि दुकानाचा फोटो मी काढलेला नव्हता. तरी अर्ज दिला आहे. ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वरही नोंदवलं आहे. दोन्ही टायर फेकले नाहीत; नऊ भोकांभोवती खडूनं गोल करून गच्चीवर ठेवले आहेत, कुणी पुरावा मागितला तर दाखवायला.

आता दर पंधरा दिवसांनी, सकाळी टायर थंड असताना, पाचही चाकांची हवा मोजते. गेल्या रविवारी स्टेपनीत २६ होती. भरून आणली.