जीटीए सॅन आंद्रेआस: जुनी डिस्क, स्टीमची अपडेट झालेली प्रत की डेफिनिटिव्ह एडिशन?

विंडोज अपडेट झालं, लॅपटॉप पुन्हा सुरू झाला, जीटीए सॅन आंद्रेआस हा जुना गेम उघडला आणि माउस हलेना. किंवा माउस नीट चालतोय, पण पाण्यावर उतरणारं स्किमर विमान नेहमीच्या जागी नाही. अशा वेळी तीन सल्ले मिळतात: जुनी डिस्क शोध, स्टीम या ऑनलाइन गेम-दुकानावरचा गेम टाक, नाहीतर सरळ नव्याने बनवलेली डेफिनिटिव्ह एडिशन घे. तिन्हींत काहीतरी हाती लागतं आणि काहीतरी जातं. माझ्या मते निवड ग्राफिक्सवरून करूच नये. तुम्ही हातात काय धरून खेळता, कीबोर्ड-माउस की गेमपॅड, त्यावरून करावी.

जुनी डिस्क, म्हणजे २००५ ची १.० आवृत्ती

ज्यांनी सायबर कॅफेत तासाला पैसे मोजून ‘हेसोयाम’ हा चीट कोड टाइप केला, त्यांच्या बोटांना हीच आवृत्ती पाठ आहे. सगळी गाणी जागेवर आहेत आणि क्लिओ, सॅम्पसारखे मॉड, म्हणजे चाहत्यांनी गेमसाठी बनवलेल्या जोडण्या, हिच्यावरच नीट चालतात. नंतरच्या १.०१ पॅचने काही चुका दुरुस्त केल्या, पण मॉडची वाट अडवली. म्हणून लोक आजही १.० जपून ठेवतात.

नव्या विंडोजवर हिचं पहिलं दुखणं म्हणजे माउस. गेम सुरू होतो, पण कॅमेरा वळत नाही. आधी सोपा उपाय करा. डॉक्युमेंट्समधल्या ‘जीटीए सॅन आंद्रेआस यूजर फाइल्स’ या फोल्डरमध्ये ‘डॉट सेट’ शेपटीची एक फाइल असते, ती काढून टाका. गेम ती नव्याने बनवतो. तुमची कीबोर्डची मांडणी पुसली जाईल, सेव्ह मात्र राहतील. तरीही माउस अडला तर सायलेंटपॅच हा गेमच्या चुका दुरुस्त करणारा मॉड टाका.

स्किमरची गोष्ट मात्र सविस्तर सांगायला हवी, कारण आपलाच कॉम्प्युटर बिघडला असं समजून लोक विंडोज पुन्हा टाकत बसतात. याच मालिकेतल्या आधीच्या व्हाइस सिटी गेममध्ये स्किमर ही गेमच्या हिशेबी बोट होती. सॅन आंद्रेआसमध्ये तिचं विमान झालं, पण गाड्यांची माहिती असलेल्या ‘व्हेइकल्स’ फाइलमध्ये तिच्या ओळीत चाकांचे आकडे लिहायचे राहून गेले. आकडा न मिळाल्यावर गेम मेमरीत आधीच्या गाडीचं जे उरलेलं असेल तेच वाचायचा. योगायोगाने ते चालण्याजोगं असायचं. जवळजवळ वीस वर्षं हे असंच निभावलं. मग विंडोज ११ च्या २४एच२ अपडेटने त्या मेमरीचा वापर थोडा बदलला, उरलेला आकडा पुसला जाऊ लागला आणि त्या जागी भलताच प्रचंड आकडा येऊ लागला. स्किमर नकाशावरून नाहीसं झालं. ट्रेनरने (गेममध्ये हवी ती गोष्ट आणणाऱ्या सॉफ्टवेअरने) ते आणलं, तर गेमचा नायक सीजे त्याच्यासकट थेट अवकाशात! विंडोजची यात चूक नाही. चूक गेममध्ये पहिल्यापासून होती. सायलेंटपॅचच्या नव्या आवृत्तीने ती दुरुस्त केली आहे. मॉड नको असतील तर त्या ओळीत इतर विमानांसारखे चाकांचे आकडे हाताने भरता येतात, फक्त मूळ फाइलची प्रत आधी बाजूला ठेवा.

अजून एक गोष्ट बरेच जण स्वतःच बिघडवतात. डिस्प्लेच्या सेटिंगमधला फ्रेम लिमिटर (सेकंदाला किती चित्रं दिसावीत यावरची मर्यादा) बंद केला की गेम लोण्यासारखा पळतो, पण सीजेला पोहताच येत नाही. तो हात मारत राहतो आणि पुढे सरकत नाही. गेमचं बरंच गणित फ्रेमच्या वेगाशी बांधलेलं आहे. कंट्रोल बिघडले म्हणून कीबोर्ड बदलण्याआधी लिमिटर चालू करून पाहा.

गेमपॅड असेल तर मात्र ही आवृत्ती नुसती वापरू नका. ती डायरेक्टइनपुट या विंडोजच्या जुन्या पद्धतीवर चालते आणि त्यात एक्सबॉक्स पॅडचे दोन्ही ट्रिगर एकाच अक्षावर येतात. गॅस आणि ब्रेक एकत्र दाबले की एकमेकांना खोडतात. जीइनपुट हा मॉड टाकला की ट्रिगर वेगळे होतात, पॅड थरथरतो आणि पडद्यावर बटणांची चिन्हंही बरोबर येतात.

स्टीमवरची अपडेट झालेली प्रत

नोव्हेंबर २०१४ मध्ये स्टीमच्या प्रतीला मोठं अपडेट आलं. परवाने संपल्यामुळे १७ गाणी निघाली आणि जुने सेव्ह उघडेनासे झाले. ज्यांचा गेम शेवटच्या काही मिशनपर्यंत आला होता, त्यांना पुन्हा पहिल्यापासून, सीजेच्या ग्रोव्ह स्ट्रीट गल्लीतून सायकलवरून सुरुवात करावी लागली. हे मला आजही पटत नाही. गाण्यांचा परवाना समजू शकतो, पण खेळणाऱ्याचे तास असे पुसायला नको होते.

मिळालं काय, तर एक्सइनपुट ही पॅडची नवी पद्धत, म्हणजे पॅड जोडला की मॉडशिवाय थेट चालतो. सोफ्यावर बसून पॅडने खेळायचं आणि मॉडची हौस नसेल, तर विकत घेतलेली ही प्रत तशीच ठेवा आणि वर सायलेंटपॅच टाका, बाकी काही नको. मॉड हवे असतील तर डाउनग्रेडर या जुन्या आवृत्तीवर नेणाऱ्या साधनाने तिला १.० वर नेता येतं. पण २०१४ नंतरचे सेव्ह मागे नेण्याची आशा धरू नका. २०२१ पासून ही प्रत स्टीमवर विकत मिळत नाही. आधी घेतली असेल तर लायब्ररीत आहेच.

डेफिनिटिव्ह एडिशन

ग्रोव्ह स्ट्रीट गेम्स या कंपनीने अनरियल इंजिनवर बनवलेली ही आवृत्ती नोव्हेंबर २०२१ मध्ये आली, तेव्हा तिची अवस्था इतकी वाईट होती की जीटीएच्या मालक कंपनीला, रॉकस्टारला, जाहीर माफी मागावी लागली. पाऊस डोळ्यांत टोचायचा, पात्रांचे चेहरे ओळखू यायचे नाहीत. २०२४ च्या अपडेटने जुन्या धाटणीचा प्रकाश परत आणला आणि आता ती बघवते.

कंट्रोलच्या बाबतीत मात्र तिघांत हीच पुढे आहे. शस्त्रं आणि रेडिओ निवडायला जीटीए पाचसारखी चक्रं आहेत, नेम धरणं सोपं आहे, मिशन हरल्यावर लगेच पुन्हा खेळता येतं. पण जुने सेव्ह इथे चालत नाहीत आणि जुने मॉडही नाहीत. मूळ गेम २५६ एमबी रॅमवर चालायचा. हिला किमान ८ जीबी लागते. साध्या ऑफिस लॅपटॉपवर ही घेऊ नका.

मग कोणती?

कीबोर्ड-माउस असेल आणि जुना गेम जसाच्या तसा हवा असेल, तर १.० आणि सायलेंटपॅच. मी हीच वापरतो. पॅड असेल, नवा कॉम्प्युटर असेल आणि हा गेम तुम्ही पहिल्यांदाच खेळणार असाल, तर डेफिनिटिव्ह खुशाल घ्या.

लॅपटॉपला नमपॅड (कीबोर्डच्या उजव्या बाजूचे आकड्यांचे बटण) नसेल तर १.० साठी एक काम पहिल्याच दिवशी उरका. सीजेचा मित्र रायडरबरोबरच्या लष्करी गोदामाच्या मिशनमध्ये फोर्कलिफ्टचे काटे नमपॅडच्या ८ आणि २ ने वर-खाली होतात. या कळा कंट्रोलच्या मेनूत जाऊन दुसऱ्या बटणांवर आधीच बांधून ठेवा. आणि काहीही बदलण्याआधी यूजर फाइल्सचा तो अख्खा फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवा. आठही सेव्ह त्यातच असतात.