तेलकट कपाळाचे साडेतीन हजार

आधीच सांगते, मी अडाणी नाही. बावीस वर्षं पतसंस्थेत कॅशियर आहे. ओटीपी कुणाला देऊ नका म्हणून लोकांना दिवसातून दहा वेळा बजावते. आणि मीच कपाळावर दोन निळसर पट्ट्या घेऊन बसले आहे. भुवया म्हणवत नाही त्यांना.

थायरॉइडमुळे माझ्या भुवयांची बाहेरची टोकं कधीच विरळ झाली होती. पेन्सिल लावली की दुपारपर्यंत घामाने उतरायची. भाचीचं लग्न तोंडावर आलेलं, त्यात नणंदेने एका पार्लरची मायक्रोब्लेडिंगची जाहिरात पाठवली, म्हणजे सुईने कातडीत रंग भरून भुवईच्या केसांसारख्या बारीक रेघा काढायच्या. मूळ किंमत 19,000, ऑफरमध्ये 9,500. असल्या ऑफर कशा असतात ते तुम्हाला माहीत आहे. मलाही माहीत होतं.

बुकिंगचे 2,000 आधीच जीपे केले, तेही दुकानाच्या नाही, कुणाच्या तरी वैयक्तिक नंबरवर. त्या दिवशी 7,500 रोख दिले. पावती म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर एक अंगठा आला. भिंतीवर सहा प्रमाणपत्रं होती. वाचायला हवी होती, सगळी कुठल्या कुठल्या खासगी क्लासची.

आता तो क्षण. रात्री झोप लागत नाही ती याच्यामुळे. ती मुलगी पेन्सिलने आकार आखत होती आणि रेघ टिकेना. टिश्यूने कपाळ पुसलं, पुन्हा आखलं, पुन्हा घसरली. तिसऱ्यांदा टिश्यू माझ्यासमोर धरून म्हणाली, "काकू, बघा ना, किती ऑइली स्किन आहे तुमची!" टिश्यू भज्यांखालच्या कागदासारखा पारदर्शक झाला होता. तिथेच उठायला हवं होतं. तेलकट त्वचेत या बारीक रेघा पसरतात, एकमेकींत मिसळतात, हे मला नंतर त्वचारोगतज्ज्ञांनी दोन मिनिटांत सांगितलं. तिलाही माहीत होतं, त्याशिवाय का लगेच म्हणाली, "तुमच्यासाठी स्पेशल पिगमेंट लागेल, फक्त 3,500 एक्स्ट्रा"? ज्या कारणासाठी मला परत पाठवायला हवं होतं, त्याच कारणाचं तिने बिल केलं. आणि मी भरलं! भिडेखातर. अर्धी भुवई आखलेली, केसांना क्लिपा, मागे दोघी थांबलेल्या. तुम्ही उठला असता का?

फॉर्मवर मधुमेह, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गरोदरपण, जखम झाल्यावर व्रण फुगण्याची सवय, असे रकाने होते. सगळ्यांपुढे तिनेच "नाही" केलं. थायरॉइडची गोळी चालू आहे म्हटलं, तर "ते चालतं काकू". मी चष्मा काढलेला. सही केली. चष्मा घालूनच सही करा बायांनो. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेत असाल किंवा नुकतंच थांबवलं असेल तर या वाटेला जाऊच नका. बधिर करायचं क्रीम आणि रंग निदान एक दिवस आधी कानामागे लावून बघायला सांगा. "आमच्याकडे गरज पडत नाही" म्हणाले तर चप्पल घाला आणि निघा.

वरून मलमाचे 850. पहिला आठवडा काजळ फासल्यासारखं दिसतं, मग खपल्या पडतात, रंग बसायला महिना-दीड महिना जातो, हे सगळं सांगितलं होतं. म्हणून मीही गप्प राहिले. सहाव्या आठवड्यात रेघ एकही उरली नव्हती, नुसता डाग, डावा उजव्यापेक्षा वर. "फ्री टचअप"चे 3,000 घेतले आणि त्याच डागावर आणखी रंग भरला. एकूण 16,850.

मग सुरू झाली वारी. चौकीत हवालदार माझ्या कपाळाकडे बघून हसू दाबत म्हणाले, "ताई, काम तर केलंय त्यांनी, फसवणूक कुठे झाली?" महापालिकेच्या आरोग्य विभागात सांगितलं, आमच्याकडे दवाखाने येतात, पार्लर नाही. मग दुकानांची नोंदणी बघणारे. ते म्हणाले, नोंदणी आहे, आत काय करतात ते आमचं काम नाही. चौथ्या ठिकाणी रंगाच्या बाटलीचा बॅच नंबर मागितला. माझे डोळे मिटलेले होते साहेब, सुई चालू होती! कातडीत सुई खुपसून रंग भरायचा, आणि तो कुणाच्याच टेबलावर येत नाही? पाच रजा गेल्या माझ्या. एका बाईंनी तर "या वयात कशाला हवं होतं" असंही ऐकवलं. त्यांच्या स्वतःच्या भुवया कोरलेल्या होत्या.

लेझरने काढता येतं, पण काही रंग लेझरने आधी काळेच पडतात, म्हणून डॉक्टरांनी टोकाला छोट्या ठिपक्यावर करून बघितलं. तीन बैठका झाल्या, प्रत्येकी 3,500. म्हणजे आणखी 10,500. तेलही गेलं, तूपही गेलं, ही म्हण माझ्यासाठीच केली असावी.

जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज करतेय. तुमचंही असं झालं असेल तर दोन वर्षांच्या आत करा, पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही. लाजेपायी चॅट पुसू नका, मी निम्मं पुसलं. वकिलांनी विचारलं, त्या दिवशीचा फोटो आहे का? आहे. त्यांनीच काढलेला, त्यांच्या इन्स्टाग्रामवर अजून आहे, "आमच्या समाधानी ग्राहक" म्हणून. रेघा ताज्या, सुबक दिसतात. आणि वर कपाळ असं चमकतंय, जणू तेल लावूनच बसवलंय.