शॉर्टवेव्ह डायथर्मी: देवगडच्या दमट हवेतला अनुभव

देवगडला माझं छोटंसं फिजिओथेरपी क्लिनिक आहे. गेल्या गणपतीच्या आधी शॉर्टवेव्ह डायथर्मीचं, म्हणजे रेडिओ लहरींनी आतून शेक देणारं मशीन घेतलं. त्यावर आंब्याचा सीझनही काढला आणि पावसाळाही. घ्यावं का, असं बरेच फिजिओ विचारतात, म्हणून सविस्तर लिहिते.

गरम पाण्याच्या पिशवीचा शेक कातडीखाली फार उतरत नाही. हे मशीन २७.१२ मेगाहर्ट्झच्या रेडिओ लहरींवर चालतं. एवढ्या वेगाने उलटसुलट होणाऱ्या विजेला नसा दाद देत नाहीत, त्यामुळे झटका बसत नाही आणि ऊब आतल्या आतच तयार होते. पॅड लावले तर चरबीचा थर जास्त तापतो, कॉईल म्हणजे केबलचं वेटोळं वापरलं तर स्नायू. म्हणून जाड पेशंटच्या कमरेला मी कॉईलच लावते.

गुण सगळ्यात छान आला तो आखडलेल्या खांद्यांना. पंधरा-वीस मिनिटं शेक आणि सांधा ऊबदार असतानाच स्ट्रेचिंग, म्हणजे हात वर जाताना पेशंट कमी कण्हतो. भातलावणीनंतर दुखणाऱ्या गुडघ्यांनाही आराम पडतो. पण नुसता शेक घेऊन रिक्षात बसले की संध्याकाळी दुखणं हजर. गुडघा सुजून गरम झालेला असेल तर मी हा शेक देतच नाही.

खरी कटकट घामाची. कातडीवर घामाचा थेंब राहिला तर तिथेच उष्णता एकवटते आणि चटका बसतो. एसटी स्टँडवरून उन्हातून चालत आलेल्या माणसाला आधी पंख्याखाली बसवायचं, अंग पुसायचं, मग कोरडा टॉवेल घालून पॅड लावायचे. जुलैत टॉवेल वाळतात कुठे? मी इस्त्री फिरवून वाळवते. विजेच्या बिलात हा खर्च कुणी धरत नाही!

मंगळसूत्र, बांगड्या बायका सांगितल्यावर काढतात. पुरुषांचा चांदीचा करदोडा मात्र शर्टाखाली लपलेला असतो आणि तो धातू आहे हे त्यांच्या गावीही नसतं. कंबरदुखीवाल्याला मी आता थेट विचारते, "करदोडा आहे काय?" त्या भागात प्लेट किंवा रॉड असेल, पेसमेकर असेल, बाई गरोदर असेल, कॅन्सर असेल तर मशीन बंदच. मधुमेहींना आधी गरम आणि गार पाण्याच्या दोन टेस्ट ट्यूब लावून बघते. फरक कळला नाही तर शेक नाही.

"मॅडम, काय लागना नाय, जरा वाढवा," हे रोजचं. भाजल्याशिवाय गुण येत नाही अशी आपल्याकडे ठाम समजूत. सुखद ऊब लागली की तिथेच थांबायचं, कारण कातडीला कळतं तेवढं आतल्या भागाला कळत नाही.

लोखंडी कॉट काढून सुताराकडून लाकडी टेबल करून घेतलं. केबल एकमेकींना किंवा पेशंटला चिकटू द्यायच्या नाहीत, आणि मशीन चालू असताना मी स्वतः मीटरभर लांब उभी राहते.

खाऱ्या हवेने केबलच्या पिना हिरव्या पडतात, त्या सारख्या पुसाव्या लागतात. व्होल्टेज पडतं म्हणून स्टॅबिलायझर हवाच. कातळावर क्लिनिक असेल तर अर्थिंग आधी तपासून घ्या.

खांदे, कंबर, गुडघे असेच पेशंट जास्त असतील तर जरूर घ्या. मात्र पॅड आणि केबल वॉरंटीत येतात का, ते बिलावर लिहून घ्या.